नोंदवहीत ज्यांची नावं नव्हती : कृष्णवर्णीय कवींची कविता, वारसा आणि न्याय

शब्दपालवी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

१७८१ च्या ऑगस्टमध्ये 'झाँग' नावाचं गुलामवाहू जहाज आक्राहून निघालं. जायचं होतं जमैकाला. जहाजावर ४४२ आफ्रिकन माणसं कोंबली होती. वाट चुकली, जमैका मागे पडलं. मग पाणी पुरणार नाही असं कारण पुढे करून, २९ नोव्हेंबरपासून काही दिवसांत खलाशांनी १३० च्या आसपास माणसं जिवंतपणी समुद्रात लोटली. लिव्हरपूलच्या जहाजमालकांनी विमा कंपनीकडे माणशी ३० पौंडांची भरपाई मागितली. कंपनीने नकार दिला, प्रकरण लंडनच्या कोर्टात गेलं. खटला चालला तो विम्याचा. पहिल्या ज्यूरीने मालकांच्या बाजूने कौल दिला. फेरसुनावणीचा अर्ज न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफिल्डपुढे आला, तेव्हा त्यांच्या तोंडून निघालं की ज्यूरीच्या लेखी हे घोडे समुद्रात टाकण्यासारखंच होतं. फेरखटल्याचा आदेश निघाला, पण तो झाल्याची नोंद सापडत नाही. खुनाबद्दल एकाही माणसावर कधी खटला भरला गेला नाही.

या प्रकरणाचा कायदेशीर अहवाल 'ग्रेगसन विरुद्ध गिल्बर्ट' या नावाने आजही मिळतो. जेमतेम दोन पानं. मेलेल्यांपैकी एकाचंही नाव त्यात नाही.

टोबॅगोत जन्मलेल्या आणि टोरांटोत वकिली केलेल्या एम. नोर्बेसे फिलिप या कवयित्रीने ही दोन पानं समोर ठेवली आणि स्वतःवर एक बंधन घातलं: कवितेत जे शब्द येतील ते फक्त या अहवालातलेच असतील. ते मोडायचे, तोडायचे, अक्षरं सुटी करायची, पण बाहेरून काही आणायचं नाही. २००८ साली 'झाँग!' हे पुस्तक आलं. पहिलंच पान उघडलं की 'पाणी' हा इंग्रजी शब्दसुद्धा धड दिसत नाही. त्याचं पहिलं अक्षर एकटंच, पुन्हा एकटंच, मग दुसरं त्याला चिकटायला बघतं, मध्ये मोठी मोकळी जागा, मग कुठेतरी तो शब्द पुरा होतो. मोठ्याने वाचायला गेलं की बुडणाऱ्या माणसाच्या तोंडून जे निघेल तसं काहीतरी आपल्याच तोंडून निघायला लागतं. आणि पानाच्या तळाशी एक बारीक रेघ, त्या रेघेखाली आफ्रिकन नावं. ही नावं अहवालात नाहीत. कवयित्रीने ती दिलेली आहेत. वर विमा कंपनीची भाषा, खाली नावं.

हे पुस्तक वाचल्यापासून माझ्या डोक्यात जे घोळतंय त्यासाठी हा धागा. आपण वारसा म्हणतो तेव्हा आपल्या मनात काहीतरी हातात आलेलं असतं: कुळ, गाव, आजीची गाणी, पत्र्याच्या पेटीतले कागद. अमेरिकेतल्या आणि कॅरिबियनमधल्या कृष्णवर्णीय कवींच्या हातात यातलं फार थोडं आलं. भाषा तोडली गेली, नावं बदलली गेली, आईपासून मूल विकलं गेलं. कागद उरले ते विकणाऱ्यांचे: जहाजाच्या नोंदी, मालमत्तेच्या याद्या, लिलावाच्या जाहिराती, कोर्टाचे निकाल. म्हणून या परंपरेतले कितीतरी मोठे कवी ज्याने नाव पुसलं त्याच्याच वहीत घुसून नाव शोधतात. वारसा, ओळख आणि न्याय या तीन गोष्टी तिथे वेगळ्या काढताच येत नाहीत, कारण नाव परत मिळवणं हेच न्यायाचं पहिलं पाऊल ठरतं.

सुरुवातीपासून पाहा ना. फिलिस व्हीटली. १७६१ मध्ये बॉस्टनच्या बंदरात उतरवली तेव्हा पुढचे दुधाचे दात पडलेले, म्हणून वय सात-आठ असावं असा अंदाज केला गेला. ज्या जहाजातून आणली त्याचं नाव 'फिलिस', विकत घेणाऱ्यांचं आडनाव व्हीटली. म्हणजे आज आपण जे नाव घेतो ते अख्खंच्या अख्खं तिच्या विक्रीची पावती आहे. १७७३ मध्ये लंडनला तिचा कवितासंग्रह छापला गेला. तो छापताना पुढे बॉस्टनच्या १८ प्रतिष्ठित पुरुषांच्या सह्यांचं पत्र जोडावं लागलं की होय, या कविता या मुलीनेच लिहिल्या आहेत. सही करणाऱ्यांत गव्हर्नर हचिन्सन होते, जॉन हँकॉकही होते. तीन वर्षांनी याच हँकॉकची सही स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर आली.

आणि ल्युसिल क्लिफ्टन. तिची एक छोटी कविता साउथ कॅरोलायनातल्या वॉलनट ग्रोव्ह या जुन्या मळ्यावर आहे. शीर्षकात वर्षही आहे, १९८९. पर्यटकांना वाडा दाखवतात, अवजारं दाखवतात, गुलामांचा उल्लेख कोणी करत नाही. कवयित्री त्या अवजारांवर बोटांचे ठसे चकाकताना पाहते. मग कळतं की मालमत्तेच्या यादीत दहा गुलाम नोंदले आहेत, पण मोजले फक्त पुरुष. बायका त्या यादीतसुद्धा नाहीत. कवितेचा सगळा जोर मग एकाच मागणीवर येतो: मला तुमची नावं सांगा, मी साक्ष देईन.

याच क्लिफ्टनच्या घरात वारसा तोंडी आला होता. तिच्या वडिलांची पणजी कॅरोलाइन. जन्म डाहोमीचा, म्हणजे आजच्या बेनिनचा. आठ वर्षांची असताना न्यू ऑर्लिन्सपासून व्हर्जिनियापर्यंत चालवत नेलेली. 'तू डाहोमीच्या बायकांची आहेस' हे वाक्य त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मुलींना ऐकवलं गेलं. यादीत नसलेल्या बायकांबद्दल लिहिताना तिच्या पाठीशी ही बाई उभी होती असं मला ठामपणे वाटतं.

तुम्हाला कोणते कवी या अंगाने महत्त्वाचे वाटतात? आणि वाद असतील तर तेही जरूर मांडा.

---

गोदातीर

शब्दपालवीताई, फार दिवसांनी असा धागा आला. क्लिफ्टनची ही कविता माहीत नव्हती, आजच शोधून वाचली. धन्यवाद.

माझा थोडा वेगळा सूर. नोंदवह्यांचा मुद्दा पटतो, पण लँगस्टन ह्यूजकडे पाहिलं की वारसा कागदाशिवायही किती दणकून येतो ते दिसतं. १९२० मध्ये हा पोरगा रेल्वेने मेक्सिकोला वडिलांकडे निघाला होता. विशीही गाठलेली नव्हती. सेंट लुईसजवळ गाडी मिसिसिपी ओलांडत होती, सूर्य मावळत होता. या नदीच्या खालच्या अंगाला विकलं जाणं म्हणजे गुलामासाठी सगळ्यात मोठी भीती, हे त्याच्या मनात आलं, आणि खिशातल्या एका लिफाफ्याच्या पाठीवर त्याने नद्यांवरची ती कविता लिहून काढली. युफ्रेटिस, काँगो, नाईल, मिसिसिपी. चार नद्या आणि एकच 'मी', हजारो वर्षं जगलेला. जून १९२१ मध्ये 'द क्रायसिस' मासिकात छापून आली.

त्याला वाढवलं आजीने, कॅन्ससमधल्या लॉरेन्सला. तिचा पहिला नवरा १८५९ मध्ये जॉन ब्राउनबरोबर हार्पर्स फेरीच्या गुलामगिरीविरोधी उठावात मारला गेला होता. अशा आजीच्या मांडीवर गोष्टी ऐकलेल्या पोराला वारसा शोधायला कोर्टाचा अहवाल लागत नाही.

आणि ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीयांची दुःखाची लोकगीतं! एक ओळ म्हणायची, तीच जरा वळवून पुन्हा म्हणायची, तिसरीत उत्तर द्यायचं. ह्यूजने हा गायकीचा साचा सरळ छापील कवितेत आणला. १९२६ चा त्याचा पहिला संग्रह त्याच नादावर उभा आहे. लोकांच्या तोंडात जे गाणं होतं तेच त्याचं दप्तर. दुःखाची नोंद आहे, पण नाचायला लावणारी नोंद आहे. हा आनंद चर्चेत मागे पडू नये एवढंच.

---

कंदील

+१. दोन्ही पोस्ट आवडल्या. मी यातलं काहीच वाचलेलं नाही. कुठून सुरुवात करू?

---

पानगळ

विषय चांगला आहे, पण मला एक शंका स्पष्टच मांडायची आहे.

'झाँग!'ची पार्श्वभूमी सांगितली की अंगावर काटा येतो. पण तो काटा इतिहासाचा आहे की कवितेचा? मी ते पुस्तक चाळलंय. पानंच्या पानं विखुरलेली अक्षरं आहेत. मागची कथा माहीत नसेल तर वाचकाच्या हाती काय लागतं? अन्यायाची माहिती देणं हे इतिहासकाराचं काम आहे, आणि ते त्यांनी चोख केलेलं आहे. कवीने काहीतरी असं द्यावं जे अहवालातून मिळूच शकत नाही.

शिवाय कवीकडून 'आपल्या लोकांचा प्रतिनिधी' होण्याची सक्ती केली जाते, तिचाही त्रास होतो. रॉबर्ट हेडनचं उदाहरण घ्या. १९६६ मध्ये फिस्क विद्यापीठात कृष्णवर्णीय लेखकांचं संमेलन भरलं. हेडन तिथेच वीस वर्षं शिकवत होते. त्यांनी भूमिका घेतली की मी कवी आहे, योगायोगाने कृष्णवर्णीय आहे, माझी कविता कवितेच्याच मापाने मोजा. तरुण मंडळींनी त्यांना धारेवर धरलं. स्वतःच्याच विद्यापीठात हा माणूस एकटा पडला. हा कोणता न्याय?

---

शब्दपालवी

पानगळ, हेडनचं नाव तुम्ही काढलंत हे फार बरं झालं, कारण माझ्या मते माझा मुद्दा सगळ्यात भक्कम करणारा कवी तोच आहे.

त्यांची 'मिडल पॅसेज' ही दीर्घ कविता, आफ्रिकेतून गुलामांना अटलांटिकपार नेणाऱ्या प्रवासावरची. पहिली आवृत्ती १९४५ ची. सुरुवातच जहाजांच्या नावांनी होते: येशू, तारा, आशा, दया. गुलाम वाहणाऱ्या जहाजांची नावं ही अशी! पुढे जवळजवळ सगळे आवाज गोऱ्यांचे आहेत. खलाशाची रोजनिशी, साथीने डोळे गेल्याची नोंद, कोर्टातली जबानी, मध्येच चर्चमधलं स्तोत्र. शेवटच्या भागात १८३९ च्या 'आमिस्ताद' जहाजावर सिंकेच्या नेतृत्वाखाली गुलामांनी केलेल्या बंडाची हकिगत येते, तीही वाचलेल्या एका स्पॅनिश माणसाच्या तोंडून. तो कोर्टात तक्रार करतोय की बघा या रानटी सिंकेने आमची कशी कत्तल केली, आणि तुमचे माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स त्याचीच बाजू घेतात! तो चिडून बोलत राहतो आणि त्याच्या नकळत सिंके आपल्यापुढे वीरपुरुष म्हणून उभा राहतो. सिंकेला बोलायला एक ओळ दिलेली नाही, तरी तो सगळ्यांवर मात करतो.

हे इतिहासकार करू शकत नाही. त्याला जबानी उद्धृत करावी लागते, खरं-खोटं करावं लागतं. हेडन ती जबानी उलटी फिरवतात, बोलणाऱ्याला कळूही न देता. तुम्ही म्हणता ते 'अहवालातून मिळूच शकत नाही' असं काहीतरी, ते हेच.

आणि 'झाँग!' शांतपणे डोळ्यांनी वाचायचं पुस्तक नव्हेच. फिलिप स्वतः त्याचं सामूहिक वाचन करतात, अनेक जण एकाच वेळी वेगवेगळे तुकडे म्हणतात. आवाज लावून पाहा, मग बोलू.

---

मुक्तछंदा

मी मराठवाड्यात एका महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. वर्गात जे चालतं ते सांगते.

ग्वेन्डोलिन ब्रूक्स. १९५० मध्ये पुलित्झर मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती, शिकागोच्या ब्राँझव्हिल वस्तीत वाढलेली. तिची 'पूल' हा बिलियर्ड्ससारखा खेळ खेळणाऱ्या सात पोरांवरची कविता अवघ्या २४ शब्दांची आहे. शाळा बुडवून अड्ड्यावर जमलेली पोरं स्वतःबद्दल फुशारक्या मारतात. 'आम्ही' हा शब्द पुन्हा पुन्हा येतो, पण ओळीच्या सुरुवातीला न येता शेवटाला लोंबकळतो. ब्रूक्स वाचताना तो 'आम्ही' अगदी हळू, श्वास सोडल्यासारखा म्हणायची. ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. शेवटच्या ओळीत मात्र तो 'आम्ही' येतच नाही, कारण त्या ओळीत ती पोरं मरतात.

मुलांना मी आधी काही सांगत नाही. फक्त मोठ्याने वाचायला लावते, एक मुलगा एक ओळ. शेवटी आवाज कमी पडल्याचं त्यांचं त्यांनाच जाणवतं. गावाकडची, पहिल्या पिढीत कॉलेजला आलेली मुलं आहेत. इंग्रजीची भीती असलेला मुलगासुद्धा ही कविता पाठ करून जातो. पानगळ, पार्श्वभूमीशिवाय कविता पोचते का, या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर हे आहे.

याच ब्रूक्सची दुसरी कविता एमेट टिलवरची. १४ वर्षांचा शिकागोचा मुलगा, ऑगस्ट १९५५ मध्ये मिसिसिपीतल्या मनी गावी नातेवाइकांकडे गेलेला. दुकानातल्या गोऱ्या बाईशी आगाऊपणा केला या आरोपावरून तिच्या नवऱ्याने आणि दिराने त्याला उचलून नेऊन मारलं. आईने शिकागोत शवपेटी उघडी ठेवली, जगाला बघू दे म्हणाली. सगळ्या गोऱ्या ज्यूरीने तासाभरात आरोपींना निर्दोष सोडलं.

ब्रूक्स काय करते? ती कविता आईच्या बाजूने लिहीत नाही. ती शिरते त्या गोऱ्या बाईच्या स्वयंपाकघरात, खटल्यानंतरच्या एका सकाळी. बाई न्याहारी करतेय आणि मनात स्वतःला पोवाड्यातली नायिका समजतेय: काळा खलनायक, देखणा राजपुत्र, सुटका झालेली सुंदरी. पण गोष्ट जुळेना. खलनायक निदान मोठा, दांडगा तरी हवा होता! हा तर मिसरूडही न फुटलेला पोरगा. तव्यावरचं मांस करपतं. नवरा टेबलावर आपल्याच लेकराला थप्पड मारतो, आणि त्या बाईला त्याच्या हातांकडे बघवेना होतं. कोर्टाने दिलेला निकाल त्या स्वयंपाकघरात टिकत नाही.

माझ्या मते शोकगीतापेक्षा हे कितीतरी अवघड काम आहे.

---

रानजाई

मुक्तछंदा, शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला. काय बाई आहे ही ब्रूक्स!

यालाच जोडून ऑड्री लॉर्ड. एप्रिल १९७३ मध्ये न्यू यॉर्कच्या क्वीन्स भागात क्लिफर्ड ग्लोव्हर नावाच्या दहा वर्षांच्या मुलाला पोलिसाने गोळी घालून मारलं. १९७४ मध्ये तो पोलीस सुटला. ज्यूरीत अकरा गोरे पुरुष आणि एक कृष्णवर्णीय बाई. लॉर्ड गाडी चालवत होती, रेडिओवर निकाल ऐकला. संतापाने हात-पाय चालेनात. अपघात होऊ नये म्हणून तिने गाडी बाजूला घेतली आणि वहीत लिहायला लागली. त्यातून 'पॉवर' ही कविता आली.

त्यात ती त्या एकट्या कृष्णवर्णीय बाईलाही सोडत नाही. अकरा जणांनी तिला वळवलं हे तिला दिसतं, आणि त्याच वेळी हेही दिसतं की तिच्याकडे जी काही सत्ता पहिल्यांदाच आली होती ती तिने सोडून दिली. आणि मग लॉर्ड स्वतःकडे वळते: माझ्यातला हा संताप मी नीट वापरायला शिकले नाही तर तो एक दिवस भलत्याच दुबळ्या माणसावर फुटेल. ते चित्र ती इतकं भयंकर रंगवते की वाचून मान फिरवावीशी वाटते.

न्यायाची कविता म्हणजे दुसऱ्याकडे बोट दाखवणं, असा समज असलेल्या प्रत्येकाने ही वाचावी.

---

भीमातीर

धागा सुरू झाल्यापासून वाट बघत होतो, महाराष्ट्र कधी येतो याची. आता मीच लिहितो.

हा विषय आपल्यासाठी परका कधीच नव्हता. जोतीराव फुल्यांची 'गुलामगिरी' १८७३ ची. अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी हबशी गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली. त्यांचा कित्ता माझे देशबांधव गिरवतील ही आशाही तिथेच व्यक्त केली आहे. बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात होते, कृष्णवर्णीयांची हार्लेम वस्ती तिथून हाकेच्या अंतरावर. १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत-नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतले कृष्णवर्णीय संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज करताहेत असं वाचलं, त्याच्या प्रती मिळतील का, अस्पृश्यांसाठीही असा विचार चालू आहे. ड्यू बॉइस यांचं उत्तरही आलं. ज्या 'द क्रायसिस'मध्ये ह्यूजची नद्यांवरची कविता छापली गेली त्याचे संपादक हेच ड्यू बॉइस. पुढे पुस्तकात ह्यूजने ती कविता त्यांनाच अर्पण केली.

आणि १९७२. मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आणि त्यांचे सोबती. अमेरिकेत ऑकलंडला १९६६ मध्ये उभ्या राहिलेल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर संघटनेवरून 'दलित पँथर' हे नाव घेतलं. १९७३ च्या जाहीरनाम्यात त्या लढ्याशी नातं सांगितलं आहे. त्याच १९७२ मध्ये ढसाळांचा 'गोलपिठा' आला. संघटना काढणारी माणसं कवी होती, हे दोन्हीकडे खरं. कृष्णवर्णीयांचे नेते मॅल्कम एक्स यांची फेब्रुवारी १९६५ मध्ये हत्या झाली, त्यानंतर अमिरी बराकांनी हार्लेममध्ये ब्लॅक आर्ट्सचं नाट्यगृह-शाळा सुरू केली. तेही आधी कवी.

पण एक गोष्ट कळकळीने सांगतो. 'त्यांचं तेच आपलं' असं घाईने म्हणू नका. शब्दपालवीताईंनी लिहिलंय की त्यांच्याकडून नावं आणि भाषा हिरावली गेली. आपल्याकडे उलट झालं. आमच्या आज्यापणज्यांचं नाव, गाव, जात, सगळं नोंदलेलं होतं, पक्कं बांधलेलं होतं, आणि त्या नोंदीतूनच सुटका हवी होती. म्हणून तिकडचा कवी हरवलेलं नाव शोधतो, इकडचा कवी लादलेलं नाव फेकतो. नातं आहे ते लढ्याचं. जखम एकच आहे असं नव्हे. हा फरक धरून वाचलं तर दोन्हीकडची कविता जास्त कळते, हा माझा अनुभव आहे.

---

पानगळ

भीमातीर, शेवटचा परिच्छेद लाखमोलाचा.

शब्दपालवी, 'मिडल पॅसेज' या धाग्यामुळे पुन्हा वाचली. तुमचं स्पॅनिश माणसाबद्दलचं वाचन मला मान्य आहे. तरीही हेडनवर झालेल्या टीकेचा प्रश्न उरतोच. ज्याने ही कविता लिहिली त्यालाच 'तू पुरेसा आपला नाहीस' असं सांगितलं गेलं. हा वादही जुनाच. ह्यूजने १९२६ मध्ये 'द नेशन' साप्ताहिकात लेख लिहिला, त्याची सुरुवातच एका तरुण कवीच्या वाक्याने होते: मला कवी व्हायचंय, निग्रो कवी नव्हे. ह्यूजला त्यात स्वतःपासून पळण्याची धडपड दिसली. चाळीस वर्षांनी हेडनसमोर तोच प्रश्न. माझा कौल हेडनच्या बाजूने आहे. १९७६ मध्ये अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयाचे (लायब्ररी ऑफ काँग्रेस) काव्यसल्लागार म्हणून नेमले गेलेले ते पहिले कृष्णवर्णीय कवी, हा मान त्यांना उशिरा का होईना मिळाला.

---

मुक्तछंदा

पानगळ, पण ब्रूक्सचं उदाहरण नेमकं उलट दिशेचं आहे. फिस्कमधल्याच पुढच्या वर्षीच्या, म्हणजे १९६७ च्या संमेलनात ती या तरुण कवींना भेटली आणि पन्नाशीत बदलली. शिकागोतल्या ब्लॅकस्टोन रेंजर्स टोळीतल्या पोरांसाठी कवितेची कार्यशाळा घेतली. न्यू यॉर्कचा मोठा प्रकाशक सोडला आणि डेट्रॉइटच्या ब्रॉडसाइड प्रेसकडे गेली. ग्रंथपाल असलेल्या डडली रँडल यांनी १९६५ मध्ये सुरू केलेलं हे प्रकाशन. सुरुवात एकेका कवितेच्या सुट्या छापील कागदाने. पहिला कागद त्यांच्याच कवितेचा, बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये १५ सप्टेंबर १९६३ ला झालेल्या बाँबस्फोटावरची. चार मुली मेल्या त्यात. मोर्च्यात धोका आहे म्हणून आई लेकीला मोर्च्याऐवजी चर्चला पाठवते, एवढीच गोष्ट, आणि लोकगीतासारखी साधी यमकं.

हेडन आणि ब्रूक्स दोघांनाही फिस्कने हलवलं. एक जण ठाम उभा राहिला, एक जण निघाली. मला कोणा एकाची निवड करावीशी वाटत नाही. दोघांनी किंमत मोजली.

---

अटलांटाकर

उशिरा आलो. मी जॉर्जियात राहतो. इथून अलाबामातलं माँटगोमेरी गाडीने अडीच-तीन तासांवर. २०१८ मध्ये तिथे झुंडबळींचं स्मारक उघडलं, ते बघून आलो आहे.

गंजल्या रंगाचे ८०० हून अधिक पोलादी खांब, एका काउंटीला (जिल्ह्यासारखा विभाग) एक. त्यावर १८७७ ते १९५० या काळात झुंडीने मारलेल्यांची नावं, ४,४०० हून जास्त. सुरुवातीला खांब डोळ्यांसमोर असतात, नाव वाचता येतं. जमीन हळूहळू खाली उतरत जाते आणि खांब डोक्यावर लटकायला लागतात, मग मान वर करूनच बघावं लागतं. काही ठिकाणी नावाच्या जागी फक्त 'अज्ञात'. बाहेर त्याच खांबांच्या जुळ्या प्रती आडव्या ठेवल्या आहेत, त्या-त्या काउंटीने न्याव्यात म्हणून.

तिथल्या भिंतीवर एलिझाबेथ अलेक्झांडर यांची कविता आहे. या धाग्यात जे चाललंय त्याच्याशी तिचा थेट संबंध. स्मारक नावांची यादी देतं, कविता त्या नावांना हाक मारते. माझ्या शेजारी एक आजी नातवाला घेऊन उभ्या होत्या, त्यांच्या काउंटीचा खांब शोधत होत्या. सापडला तेव्हा त्या रडल्या नाहीत, नातवाकडून नाव मोठ्याने वाचून घेतलं. दोनदा.

नावांची यादी म्हटल्यावर आठवलं, क्लॉडिया रँकिन यांच्या 'सिटिझन' या २०१४ च्या पुस्तकात एक पान मारल्या गेलेल्यांच्या नावांचं आहे. पुढच्या छपायांमध्ये त्यात नवी नावं भरली गेली. माझ्याकडची प्रत आणि मुलीच्या कॉलेजातली प्रत सारखी नाही.

---

शब्दपालवी

अटलांटाकर, 'सिटिझन'बद्दलचं हे मुद्दाम लिहिल्याबद्दल आभार. पुस्तक छापून झाल्यावरही संपत नाही, असं दुसरं उदाहरण पटकन आठवत नाही.

भीमातीर दादा, तुमचा मुद्दा मी उचलून धरते. हरवलेलं नाव आणि लादलेलं नाव. व्हीटलीच्या बाबतीत तर दोन्ही एकदम झालं.

गोदातीर, आनंदाचं अगदी बरोबर. क्लिफ्टनचीच आणखी एक कविता आहे, माझ्याबरोबर साजरं करा म्हणणारी. कशाचा उत्सव? रोज काहीतरी मला मारायला बघतं आणि त्याला जमत नाही, याचा.

कंदील, सुरुवात क्लिफ्टनपासूनच करा. सहा मुलं वाढवत लिहिलेल्या कविता आहेत, बहुतेक एका पानात संपतात. मग ब्रूक्स तिच्या स्वतःच्या आवाजात ऐका. मग ह्यूज, जमल्यास मोठ्याने. क्लॉड मॅके यांचं १९१९ चं सुनीतही घ्या. त्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या शहरांत कृष्णवर्णीयांवर हल्ले होत होते आणि मॅके रेल्वेच्या भोजनडब्यात वेटर होते. ती कविता त्यांनी आधी डब्यातल्या सोबत्यांना वाचून दाखवली. चौदा ओळींत वंशाचा उल्लेख एकदाही नाही, तरी ती कोणासाठी आहे हे त्या सोबत्यांना बरोबर कळलं. हेडन आणि 'झाँग!' त्यानंतर. घाई नको.

---

कंदील

खूप आभार ताई. क्लिफ्टन आणि ब्रूक्स दोन्ही मिळालं, वाचायला घेतलंय.

---

रानजाई

ब्रिटनकडे कोणीच वळलं नाही अजून. लिंटन क्वेसी जॉन्सन यांची १९७९ ची पत्ररूप कविता: ब्रिक्स्टनच्या तुरुंगातून सनी आईला लिहितोय की धाकट्या भावाला सांभाळू शकलो नाही. नुसत्या संशयावरून पोलीस पकडत, तेही १८२४ च्या भटक्यांविरुद्धच्या कायद्याच्या आधारे! ते कलम १९८१ मध्ये रद्द झालं. कविता जमैकन बोलीत आहे, मागे रेगेचा ठेका. त्यांच्यावर आणि कॅरिबियनमधून आलेल्या बाकीच्या कवींवर वेगळा धागा काढते, इथे सगळं मावणार नाही. मुक्तछंदा, तुमच्या वर्गात ही ऐकवलीत तर मुलं काय म्हणाली ते त्या धाग्यावर नक्की लिहा.